हवालदाराची सोबत

"मनुष्यजातीला आजवर जे साधलं नाही, ते आज या काचेच्या पेटीत साधणार आहे!"

असं माझे दाजी म्हणाले. म्हणाले ते स्टुलावर उभं राहून, एका हातात पाण्याने फुगलेली प्लास्टिकची पिशवी आणि दुसऱ्या हातात चहाची गाळणी धरून. वाक्य संपल्यावर त्यांनी टाळ्यांपुरती जागा सोडली. मग आवाज उतरवून म्हणाले, "मेहुणे, जरा हात द्या. गुडघा अडकलाय."

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सगळी नोकरी लिफ्ट तपासनीस म्हणून झाली. शहरातल्या उंच उंच इमारतींतून माणसं सुखरूप खाली येतात की नाही हे पाहण्यात ज्याची हयात गेली, तो माणूस स्वतःच्या हॉलमध्ये एका स्टुलावर अडकून पडला होता.

"आधी पिशवीतल्या बाईंना उतरवा," खाटेवरून ताई म्हणाली. "तुम्ही काय, तसेही बरे दिसताय वर."

पिशवीतल्या बाई म्हणजे बोटाएवढी कोळंबी. अंगावर वाघासारखे पट्टे, आणि एक नांगी दुसरीच्या दुप्पट. या मोठ्या नांगीची ती चुटकी वाजवते, पाण्यात बार उडाल्यासारखा आवाज होतो, आणि समोरचं बारीकसारीक जनावर जागच्या जागी आडवं होतं. म्हणून दुकानदार तिला पिस्तूल कोळंबी म्हणतात. हत्यार एवढं जबर, पण नजर जवळजवळ नाहीच. त्यामुळे समुद्रात ती एका माशाच्या आधाराने राहते. गोबी म्हणतात त्याला. कोळंबी वाळूत बीळ खणते आणि मासा दारात बसून पहारा करतो. ती वाळू टाकायला बाहेर आली की मिशीचं टोक त्याच्या अंगाला लावून ठेवते. काही आगळंवेगळं दिसलं की तो शेपूट थरथरवतो, आणि दोघंही आत गडप.

आमच्या पेटीतला मासा पिवळा, जाड ओठांचा, आणि कायम कुणीतरी झोपेतून उठवल्यासारख्या चेहऱ्याचा. ताईने त्याचं नाव हवालदार ठेवलं होतं. कोळंबी घरात येण्याआधीच तिचं ठेकेदार हे नाव पक्कं झालं होतं, कारण चांगली सपाट जागा दिसली की खणून ठेवायची एवढंच तिला ठाऊक. हवालदार आणि ठेकेदार एकाच बिळात सुखाने राहतात याचं आश्चर्य फक्त प्राणिशास्त्राच्या लोकांना वाटतं.

दाजींनी पिशवीतली बाई गाळणीत घेतली, तिथून एका नळीत सोडली, आणि नळीचं टोक बरोबर त्या दगडापाशी नेलं जिथे हवालदार बसायचा. कोळंबी नळीतून घरंगळली, वाळूवर पडली, आणि दुसऱ्याच क्षणी दगडाखाली शिरली. हवालदार तिच्याकडे पाठ करून पेटीच्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला.

"झालं लग्न?" ताईने विचारलं.

"वेळ लागतो," दाजी म्हणाले.

"लागू दे. पण फार नको."

मी दाजींचा गुडघा सोडवायला गेलो.

आता खाट हॉलमध्ये का होती, ते सांगतो. ताईच्या पोटात जे काही होतं ते आता पोटापुरतं राहिलं नव्हतं. हॉस्पिटलवाल्यांनी बरेच दिवस ठेवून घेतलं आणि मग एका सकाळी म्हणाले, घरी न्या, घरच्या वातावरणासारखं औषध नाही. हॉस्पिटल जेव्हा घरच्या वातावरणाचं कौतुक करायला लागतं, तेव्हा माणसाने काय ते समजून घ्यावं. वर-खाली होणारी लोखंडी खाट आली, ती झोपायच्या खोलीच्या दारातून आत जाईना, म्हणून हॉलमध्ये लागली. प्राणवायूचं यंत्र आलं, त्याला जागा हवी म्हणून टीव्ही निघाला. राहता राहिली समोरच्या भिंतीला लागून असलेली खाऱ्या पाण्याची पेटी. ताई दिवसभर कुशीवर पडून तीच बघायची.

ताई बरी होणार नव्हती. हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं, दिवसपाळीला येणाऱ्या सिस्टरला माहीत होतं आणि कोपऱ्यावरच्या औषधवाल्यालाही माहीत होतं. दाजींना सांगितलेलं होतं. पण माहीत नव्हतं.

ही पेटी दाजींनी निवृत्तीनंतर घेतली. त्यात कधीकाळी पाच-सहा जातींचे मासे होते. ताई आजारी पडली, घरातलं लक्ष उडालं, आणि त्या धामधुमीत एकेक करत सगळे गेले. हवालदार तेवढा राहिला. तो तासन् तास कोपऱ्यात काचेकडे तोंड करून उभा असायचा. एके दिवशी ताई म्हणाली, "हा कुणाची वाट बघतो हो?"

दाजींनी मग कोळंबीची सगळी हकीकत सांगितली. मिशी, शेपूट, पहारा. एखाद्या नव्या लिफ्टची माहिती द्यावी इतक्या बारकाईने सांगितली.

"मग आणा की एक," ताई म्हणाली. "बिळाच्या तोंडाशी दोघं बसलेत, एवढं एकदा बघायचंय मला. एवढं बघितलं की मी मोकळी."

दाजी त्याच दिवशी मासेवाल्याकडे गेले.

मी रोज दुपारी जात असे. माझा प्रवेश झाला की ताई म्हणायची, "आला छोट्या." छोट्याचे सगळे केस पांढरे झाले आहेत आणि त्याला जिन्यात दोनदा थांबावं लागतं, पण ताईच्या लेखी तो अजून शाळेतून परत येतोय. मग आम्ही दोघं पेटी बघायचो. बघायला काही नसायचं. हवालदार कोपऱ्यात, ठेकेदार दगडाखाली. मात्र रोज वाळूचा एक नवा ढीग दिसायचा, म्हणजे काम चालू होतं. आणि मधूनच पेटीतून आवाज यायचा. टक्! काचेला चीर जावी तसा. पहिल्यांदा झाला तेव्हा सिस्टर प्राणवायूच्या यंत्राकडे धावली.

"यंत्र नाही गं, ठेकेदार आहे," ताई म्हणाली. "काम करतो आणि आवाज करतो. आमच्या घरात उलटा माणूस आहे. नुसता आवाज."

"मी ऐकतोय," स्वयंपाकघरातून दाजी म्हणाले.

"ऐकायलाच बोलले."

पेटी बघायला माणसं यायची. खरं तर ती ताईला बघायला यायची, पण आजारी माणसाकडे किती वेळ बघणार? दोन मिनिटांत नजर पेटीवर जायची आणि सुटल्यासारखं वाटायचं. दाजी मग सगळी माहिती द्यायचे, आणि प्रत्येक जण त्यातून आपापलं तात्पर्य काढायचा. शेजारचे बँकवाले म्हणाले, हीच खरी भागीदारी. कुठल्याशा संस्थेच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, हेच खरं स्त्री-पुरुष सहजीवन. दाजींच्या खात्यातले जुने साहेब म्हणाले, आमच्या काळात हाताखालची माणसं अशी होती. आणि हे सगळे जिच्यावर बोलत होते ती कोळंबी त्यांच्यापैकी एकालाही दिसलेली नव्हती. माशाने तर तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

"लोक निघून गेले की मला हवालदाराची कीव येते," ताई म्हणाली. "केवढ्या अपेक्षा रे त्या एवढ्याशा जिवाकडून!"

मग ती दुपार आली. मी गेलो तेव्हा ताई झोपली होती, आणि दाजी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभे होते. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि मूठ उघडली. तळहातावर ओल्या रुमालात ठेकेदार होता. पट्टे तसेच, मिशा तशाच, मोठी नांगीही तशीच. हालत मात्र नव्हता.

"सकाळी पंपापाशी तरंगत होती," दाजी कुजबुजले. "गेली, मेहुणे."

दाजींच्या डोळ्यांत मी त्याआधी कधी पाणी पाहिलं नव्हतं. हॉस्पिटलच्या त्या सकाळीसुद्धा नाही. तेव्हा त्यांनी फक्त रुग्णवाहिकेच्या स्ट्रेचरची चाकं तपासली होती.

"ताईला सांगितलं?"

"वेड लागलंय का तुम्हाला? तिला सांगायचं की ती गेली?"

आम्ही बाल्कनीतल्या कुंडीत खड्डा केला. दाजींनी तिला काडेपेटीत ठेवलं होतं, ती काडेपेटी पुरली, वर माती सारखी केली, आणि हात जोडावेत की नाही या विचारात आम्ही दोघं म्हातारे थोडा वेळ उगाच उभे राहिलो. तेवढ्यात सिस्टर पाणी प्यायला आली. तिने कुंडीकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि न विचारता परत गेली. आजारी माणसांच्या घरी कामं करून करून तिला न विचारण्याची सवय झाली होती.

संध्याकाळच्या आत दाजी दुसरी कोळंबी घेऊन आले. पिशवी त्यांनी कोटाच्या आत धरली होती. मी ताईच्या आणि पेटीच्या मधे वर्तमानपत्र उघडून उभा राहायचं, असं ठरलं होतं. मी उभा राहिलो. माझ्यामागे दाजी स्टुलावर चढले. पाण्याचा डुबुक आवाज झाला.

"काय वाचतोयस रे उभ्याने?" ताईने विचारलं.

"हवामान."

"कसं आहे?"

"बरं आहे."

"उलटं धरलंयस. उलटं असून बरं आहे म्हणजे चांगलंच म्हणायचं."

आणि तेवढ्यात पेटीच्या डाव्या बाजूने आवाज आला, टक्! नवीन कोळंबी उजव्या बाजूला सोडली होती, आणि ती अजून नळीच्या बाहेरसुद्धा पडली नव्हती. दाजी स्टुलावर तसेच थिजले. मग उजवीकडून, नळीतून, उत्तर आलं. टक्!

माझ्या हातातलं वर्तमानपत्र आपोआप खाली आलं.

मासेवाल्याला फोन लावला. तो जेवत असावा. "मेली कशावरून?" तो म्हणाला. "कात टाकली असेल. वाढ झाली की टाकतात. अख्खीच्या अख्खी निघते, मिशांसकट. बघितलं नाहीत का, आतून पोकळ होती की भरलेली?"

"हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?" दाजी कडाडले.

"तुम्ही विचारलं नाहीत. आणि साहेब, दोन सोडल्या असतील तर एक काढा. एक दुसरीला जिवंत ठेवणार नाही."

काढायची तर सगळे दगड बाहेर काढावे लागणार होते. दगड काढले की बीळ ढासळणार, आणि आतापर्यंतचं खणलेलं सगळं वाया. ताईच्या वेळेचा हिशेब दाजींनी कधी तोंडाने केला नाही, पण त्यांनी दगडांना हात लावला नाही.

बाल्कनीत जाऊन त्यांनी कुंडी उकरली. काडेपेटी उघडली. आतला ठेकेदार बोटाने दाबला तर चुरचुरला. वजन म्हणाल तर वाळलेल्या कांद्याच्या सालाएवढं. दाजी जे हसायला लागले ते थांबेचनात. "मेहुणे, आपण कपड्यांचा अंत्यविधी केला!" हे त्यांनी आत जाऊन ताईलाही सांगितलं, सगळं, कोटासकट. ताई हसली, मग खोकला आला, मग सिस्टरने तिला उशीला टेकवून बसवलं, आणि खोकला थांबल्यावर ती पुन्हा हसली. त्या घरात इतकं हसणं बऱ्याच काळात झालं नव्हतं.

पुढचे काही दिवस पेटीतून बाहेरच्या रस्त्यापेक्षा जास्त आवाज येत होते. डावीकडून टक्, उजवीकडून टक्. वाळू उडायची. हवालदार कोपरा सोडून मधल्या दगडावर येऊन बसला, आणि दोन्हीकडे आळीपाळीने बघत राहिला. "हवालदाराचं हेच काम," ताई म्हणाली. "दोघांचं मिटेपर्यंत मधे बसून राहायचं." मग एका दिवसापासून आवाज फक्त डावीकडूनच यायला लागला.

त्याच आठवड्यात ताईने दुपारी स्वतःहून सूप मागितलं. अर्धा वाडगा प्यायली. केस विंचरून दे म्हणाली. खिडकी उघडायला लावली, खालच्या फेरीवाल्याला "अरे, घसा आहे की भोंगा?" असं जोरात विचारलं, आणि त्यानेही वर बघून काहीतरी उत्तर दिलं. मी आलो तेव्हा ती पाठीला उश्या लावून बसली होती, आणि दाजी घरभर पळत होते.

"बघितलंत? बघितलंत का मेहुणे? डॉक्टर लोकांना काय कळतं! आणि हे बघा!" त्यांनी माझ्यापुढे बशी धरली. बशीत एक कोळंबी होती. "पुन्हा कात! उजवीकडच्या बाईंनी टाकली. म्हणजे दोन्ही मजेत आहेत. वाढतायत! अगं, तुला म्हटलं नव्हतं, या पेटीचा पायगुण चांगला आहे?"

"पेटीला पाय कुठले?" ताई म्हणाली, पण तिचा चेहरा उजळलेला होता.

मी बशी हातात घेतली. कातीला वजन नसतं. हिला होतं. पट्टे पुसट झाले होते, अंग गुलाबी, दुधाळ झालं होतं, उकडल्यासारखं. मोठी नांगी जागेवर नव्हती. आणि बशीला वास होता.

सिस्टर पलीकडे ताईच्या पायांवरची चादर सारखी करत होती. ताईचे घोटे सुजून गुळगुळीत झाले होते. सिस्टरने त्यांवर अंगठा दाबला, काढला, आणि उमटलेला खळगा बराच वेळ तसाच राहिला. तिने वर पाहिलं. मी बशी धरून उभा होतो. आम्ही दोघांनी एकमेकांना जे सांगायचं ते सांगितलं, आणि तिने चादर पुन्हा पायांवर ओढली.

"छान आहे," मी दाजींना म्हणालो. "मी ठेवून देतो."

"जपून हां! कपाटात ठेवा. आठवण म्हणून!"

मी ती कागदात गुंडाळून जाता जाता रस्त्यावरच्या कचरापेटीत टाकली. मागून मांजर आलंच.

दुसऱ्या दिवसापासून ताई सूप मागेनाशी झाली. मग पाणीही चमच्याने. बोलायची ती दोन शब्दांच्या मधे श्वासाला जागा ठेवून. फेरीवाला खाली ओरडायचा, पण आता त्याला कुणी काही विचारत नव्हतं. एक-दोनदा तो वर बघून थांबलेला मला दिसला.

आणि त्यानंतर एका दुपारी मी आत शिरलो, तर पेटीवर टॉवेल. समोरची पूर्ण काच झाकलेली. दाजींच्या आंघोळीचा निळ्या पट्ट्यांचा टॉवेल, वरून दोन डबे ठेवून बसवलेला.

"हे काय?"

"उपचार चालू आहेत," दाजी घाईने म्हणाले. "पाण्याला रोग झालाय. अंधारात ठेवायचं असतं. मासेवाल्याने सांगितलंय."

"सकाळपासून हेच सांगतायत," ताई डोळे मिटूनच म्हणाली. "पाण्याला. रोग."

दाजी औषध आणायला खाली गेले, तशी मी टॉवेलची कड बाजूला केली.

मधल्या दगडाखाली व्यवस्थित कमान खणलेली होती, तोंडाला बारीक शिंपल्यांचा उंबरा लावलेला. उंबऱ्यावर हवालदार बसला होता, पोट टेकून, नेहमीचाच तो उठवल्यासारखा चेहरा घेऊन. आतून ठेकेदार आला. दोन्ही नांग्यांनी वाळूचा लोट ढकलत बाहेर आणला, ओतला, आणि या सगळ्या कामात त्याच्या मिशीचं एक टोक माशाच्या पाठीवर टेकलेलं होतं. तो आत वळला, मिशी सुटली. मासा किंचित मागे सरकला आणि थांबला. मिशी पुन्हा आली, चाचपडली, आणि पाठीवर टेकली.

दाजी परत आले तेव्हा मी त्यांना दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं. "कधीपासून बसतायत?"

त्यांनी खोटं बोलायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. "परवा सकाळपासून."

"आणि तुम्ही झाकून ठेवलंत? अहो, ती एवढ्याचसाठी थांबलीय!"

"म्हणूनच," दाजी म्हणाले.

त्यांनी आवाज उतरवला.

"एवढं बघितलं की मी मोकळी, असं म्हणालीय ती. तुमच्यासमोर नव्हे, माझ्यासमोर म्हणालीय."

"दाजी, बोलण्यात येतं तसं. माणूस हजार गोष्टी बोलतो."

"माणूस बोलतो. तुमची ताई बोलत नाही. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात म्हणाली, सिगारेटचं पाकीट पुन्हा दिसलं तर खिडकीतून फेकीन. फेकलं ना? चौथ्या मजल्यावरून! माझ्या बहिणीला म्हणाली, आता तुमच्या दारात पाय ठेवणार नाही. ठेवला? शेवटपर्यंत जिन्यात उभं राहून बोलली तिच्याशी. ही बाई म्हणते ते करते, मेहुणे. मी इतकी वर्षं काढलीयत तिच्याबरोबर." त्यांनी नळ सोडला, हात धुतले, जे धुवायची काही गरज नव्हती. "माझ्या हातात दुसरं काय आहे? औषधं डॉक्टरच्या हातात. नळ्या सिस्टरच्या हातात. एक टॉवेल तेवढा माझ्या हातात आहे."

मी आयुष्यभर लोकांच्या मूर्खपणावर हसत आलो, तो माझा आवडता छंद. पण त्या वेळी मला त्यांच्या हातातला तो टॉवेल काढून घ्यायचं धैर्य झालं नाही.

"अहो," हॉलमधून ताईचा आवाज आला. यंत्राच्या घरघरीतून तो जेमतेम पोचला. "दोघं. इकडे या."

आम्ही शाळेतल्या पोरांसारखे जाऊन उभे राहिलो. सिस्टरने खाटेची कळ फिरवून पाठ उंच केली होती. ताईचे डोळे उघडे होते आणि बऱ्याच दिवसांत ते इतके स्वच्छ दिसले नव्हते.

"टॉवेल काढा."

"अगं, पाण्याला..."

"रोग तुम्हाला झालाय. काढा."

दाजींनी सिस्टरकडे पाहिलं. सिस्टरने खिडकीकडे पाहिलं. दाजींनी माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्याकडे तर काहीच नव्हतं. शेवटी त्यांनी एक डबा उचलला, मग दुसरा, आणि टॉवेल ओढून घेतला. पेटीचा निळा उजेड हॉलभर पसरला. पण टॉवेल हातात घेऊन दाजी बाजूला झाले नाहीत. पेटीला पाठ लावून, दोन्ही हात किंचित पसरून, बंद पडलेल्या लिफ्टच्या दारात ते उभे राहत असतील तसे उभे राहिले.

"थांब," ते म्हणाले. "आधी ऐक. मी कधी काही बोललो नाही तुझ्याशी. म्हणजे बोललो पुष्कळ, पण हे नाही. सगळ्या नोकरीत एक गोष्ट केली मी. दोर झिजलेला दिसला की लिफ्ट बंद. मोठमोठे मालक येऊन पाया पडले, धमक्या दिल्या, वरून फोन आले. मी कुलूप काढलं नाही. माझ्या सहीच्या लिफ्टमध्ये एक माणूस दगावला नाही." त्यांचा आवाज फाटायला लागला होता. "आणि माझ्याच घरात मला सगळं दिसतंय आणि काही म्हणता काही बंद करता येत नाही. तुला मोकळं व्हायचंय, ते मला कळतं. तुला दुखतं, तेही कळतं. मी आंधळा नाही. पण तू मला सवय लावून ठेवलीयस गं. मी घरात कुठेही असलो तरी तू कुठे आहेस ते मला माहीत असतं, न बघता. आता मी कुठे टेकायचं? सकाळी उठून कुणाकडे तोंड करून बसायचं? तेवढं सांग आणि मग बघ काय बघायचं ते. तेवढं तरी सांग."

यंत्राची घरघर चालू होती. सिस्टर खिडकीकडे तोंड करून उभी होती आणि तिचे खांदे हलत होते. माझा चष्मा मी कधी काढला ते मला कळलं नाही. दाजींच्या मागे पाण्यात कुठेतरी टक् असा आवाज झाला, पण ते हलले नाहीत.

ताईने त्यांच्याकडे पाहिलं. तिने हात उचलला. तो चादरीपासून इंचभरच वर आला. तिने श्वास गोळा केला, पुरेसा झाला नाही, पुन्हा गोळा केला.

"ऐकलं," ती म्हणाली. "आता जरा बाजूला सरका बघू. काही दिसत नाहीये."